साठ सेंटिमीटरची नळी

माझ्या सासऱ्यांची रायफल मला हवी होती. हे वाक्य लिहायला आज अर्धं मिनिटही लागलं नाही. तेव्हा ते तोंडातून बाहेर पडलं असतं तर पुढचं काहीच लिहावं लागलं नसतं. पण तेव्हा माझ्या तोंडात संस्कार भरले होते, आणि तोंड भरलेलं असलं की बोलता येत नाही, हे मला वयाच्या सदतिसाव्या वर्षी जर्मनीत कळलं.

सासरे म्हणजे माझ्या जर्मन नवऱ्याचे वडील. स्टुटगार्टच्या दक्षिणेला डोंगर चढून गेलं की जी थंड, दगडाळ खेडी लागतात त्यातल्या एकात ते एकटे राहत. आयुष्यभर एका लहान कारखान्याच्या टूलरूममध्ये मास्टर होते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नवरा एकुलता एक, आणि त्याला शिकारीचा लहानपणापासून तिटकारा. शनिवारी वडील जंगलात गेले की हा घरात दार लावून गिटार वाजवत बसायचा म्हणे. त्यामुळे ती रायफल पुढे कोणाकडे जाणार, हा त्या घरातला सगळ्यांना ठाऊक असलेला आणि कोणीच न काढलेला विषय होता.

रायफल दिसायला काही खास नव्हती. पन्नासेक वर्षांची, आठ मिलिमीटरची, दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागे ओढायची. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता आणि त्यावर सासऱ्यांचा गाल टेकायचा तिथे पडलेला काळपट डाग. मला ती हवी होती ती हरणं मारायच्या हौसेने नव्हे. त्या घरात मी आठ वर्षं सून होते आणि आठ वर्षं पाहुणीच होते. तिथे प्रत्येक वस्तूला मालक होता. कोपऱ्यातली खुर्ची कोणाची, निळा कप कोणाचा, दारामागची तिसरी खुंटी कोणाची, सगळं ठरलेलं. माझा कोट मी दर वेळी खुर्चीच्या पाठीवर टाकायचे. सासऱ्यांनी एक दिवस ती रायफल माझ्या हातात दिली की मी या घरातली झाले, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. ठरवलं मी, आणि कळवलं कोणालाच नाही.

शिकारीचा परवाना मी त्यांच्यासाठी काढला, हेही सरळ सांगून टाकते. इकडे त्याला याग्टशाइन म्हणतात आणि त्याची परीक्षा बारावीपेक्षा अवघड असते. झाडं, पक्षी, जनावरांचे रोग, कायदे, नेमबाजी. सहा महिने मी स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनमधलं ऑफिस सुटल्यावर वर्गाला जात होते. वर्गात बावीस जण, त्यांत मी एकटी सावळी आणि एकटी पाच फूट एक इंचाची. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तिकडे जाऊन एवढं शिकलीस, आता हे कशाला? सासऱ्यांना खूश करायचं तर पुरणपोळी कर.” पुरणपोळी मी केली होती. सासऱ्यांनी अर्धी खाऊन बाकीची पक्ष्यांना ठेवली होती.

परीक्षा पास झाले त्या दिवशी सासरे फक्त “गेनाऊ” एवढंच म्हणाले. म्हणजे बरोबर. त्या भागातली म्हणच आहे की शिव्या दिल्या नाहीत म्हणजे कौतुक झालं असं समजावं. मी समजले. दुसऱ्या रविवारी त्यांनी मला पहाटे जंगलात बरोबर नेलं आणि मचाणावर शेजारी बसवलं. दोन तास ते एक शब्द बोलले नाहीत. मला इतका आनंद झाला होता की पाय बधिर झाल्याचं खाली उतरताना कळलं.

त्यांच्याशी बोलायची माझी एक अडचण होती. लग्नानंतर पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, मला नावाने हाक मार. सासऱ्यांना नावाने! माझी जीभ वळेना. जवळजवळ दोन वर्षं मी त्यांना हाकच मारली नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला असले तर चालत जाऊन समोर उभी राहायची. मग कधीतरी श्वीगरपापा, म्हणजे सासरेबाबा, म्हणायला लागले, ते त्यांना गमतीचं वाटलं असावं. जर्मनमध्ये आमचं ‘दू’ होतं, म्हणजे अरे-तुरेच. पण माझ्या डोक्यात ते कायम अहोच राहिले. सगळं घोडं तिथेच अडलं, असं आता वाटतं.

मग शिशाच्या गोळ्या बंद झाल्या. आमच्या राज्यात हरीण-डुकरांसाठी शिसं वापरायचं नाही असा कायदा आला. शिसं मांसात उतरतं, जनावरांची आतडी खाणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात जातं, वगैरे. त्याऐवजी तांब्याच्या गोळ्या. सासऱ्यांनी कायद्याला तोंडभर शिव्या दिल्या आणि मुकाट्याने तांब्याच्या गोळ्या आणल्या. नेमबाजीच्या रेंजवर गेलो. शंभर मीटरवर जी रायफल तीन गोळ्या एका नाण्याएवढ्या जागेत घालायची, तिने त्या तळहाताएवढ्या पसरल्या. दुसऱ्या कंपनीच्या आणल्या, तेच. तिसऱ्या आणल्या, त्याहून वाईट. सासऱ्यांनी रायफल पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि गाडीत बसल्यावर म्हणाले, “आल्झो, तर मग मी आणि ही, आम्ही दोघं म्हातारे झालो.”

मला त्यांचं ते बोलणं इतकं लागलं की मी तिथल्या तिथे म्हटलं, “तुम्ही नाही, फक्त नळी झाली. नळी बदलता येते.”

आता हे माझं क्षेत्र होतं. मी नोकरीत खोल भोकं पाडते. विनोद नाही, तेच माझं काम. पोलादात पेनच्या रिफिलएवढं आणि त्याहून बारीक भोक सरळ, गुळगुळीत आणि मापात कसं पाडायचं यावर माझी सगळी कारकीर्द उभी आहे. रायफलची नळी म्हणजे शेवटी एक लांब भोकच. त्याला आतून पीळ असतो, गोळी त्या पिळात फिरत जाते आणि फिरते म्हणून सरळ जाते. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी बारीक कॅमेरा आत सोडला आणि लॅपटॉपवर त्यांना त्यांच्याच रायफलचं पोट दाखवलं. सुरुवातीचा दोन बोटं भाग उन्हाळ्यातल्या तळ्यासारखा भेगाळलेला. पिळाच्या कडा झिजून गोल झालेल्या. शिसं मऊ, ते अशा कडांनाही धरून राहायचं, तांबं कडक, ते धरेना. शिवाय तांब्याची गोळी त्याच वजनाला जास्त लांब होते आणि लांब गोळीला पीळ थोडा घट्ट लागतो. सासरे चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावून बघत होते. टूलरूमचा माणूस. त्यांना एकही गोष्ट दोनदा सांगावी लागली नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं मापांवर बोलत बसलो. आठ वर्षांत पहिल्यांदाच मला आता काय बोलावं असा प्रश्न पडला नाही.

नवी नळी तयार मिळत नाही. बनवून घ्यावी लागते, आणि ती बसवायचा हक्क फक्त परवानाधारक ब्युक्सनमाखरला, म्हणजे बंदुका बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराला. बनवून घ्यायची म्हणजे प्रत्येक गोष्ट आपण ठरवायची. पोलाद कुठलं, पीळ किती, नळी जाड की बारीक, तोंडाला आवाज कमी करणारा सायलेन्सर बसवायचे आटे हवेत का, आणि मुख्य म्हणजे लांबी. मी ऑफिसात जे करते तेच केलं. एक्सेल उघडलं. अपेक्षांची यादी, प्रत्येक अपेक्षेला वजन, प्रत्येक पर्यायाला गुण, शेवटी बेरीज. नवरा मागून डोकावून म्हणाला, “आपण घर घेतलं तेव्हासुद्धा तू एवढं केलं नव्हतंस.”

शेवटी दोन पर्याय उरले. पहिला साठ सेंटिमीटरची नळी, जशी आत्ता होती तशी. लांब नळीत गोळीला वेग जास्त मिळतो, तांब्याच्या गोळीला तो लागतो, आणि त्यांच्या हाताला वजनाची सवय होती. दुसरा बावन्न सेंटिमीटरची, जरा बारीक, तोंडाला आटे असलेली. वेग थोडा कमी, पण आमच्या जंगलात कोण ऐंशी मीटरच्या पुढे गोळी घालतं? मचाणावर वळवायला सोपी, सायलेन्सर लावूनही लांबी आटोक्यात, आणि पाच फूट एक इंचाच्या बाईला खांद्याला लावता येईल अशी. हे शेवटचं मी कुठेही लिहिलं नव्हतं. ‘हाताळणी’ असा गुळमुळीत शब्द घातला होता.

आणि गंमत बघा. पहिल्या बेरजेत बावन्नची नळी पुढे आली. ती पुढे आल्यावर मला चोरी पकडल्यासारखं झालं. म्हातारा माणूस जिवंत, धडधाकट, आणि मी त्याची बंदूक स्वतःच्या मापाने शिवायला निघाले! लोक काय म्हणतील? कोण लोक, ते विचारू नका. तिथे लोक नव्हतेच. मी ‘मालकाची सवय’ या ओळीचं वजन वाढवलं आणि दोन्ही पर्याय बरोबरीत आणून ठेवले. मग तो कागद त्यांच्यासमोर ठेवून म्हटलं, दोन्ही सारखेच आहेत. स्वतःच्याच पायावर धोंडा, तोही तक्ता करून.

त्यांनी कागद नीट वाचला. टूलरूमच्या पद्धतीने प्रत्येक ओळीवर पेन्सिलीचं लहानसं टिंब केलं. ‘हाताळणी’वर पेन्सिल जरा थांबली. मग म्हणाले, “शुक्रवारी सुट्टी घे. दुकानात दोघं जाऊ.”

त्या वाक्यातल्या दोघं या शब्दावर मी चार दिवस जगले. आपली बंदूक दुरुस्तीला टाकायला त्यांना माझी काय गरज होती? नेतायत म्हणजे काहीतरी मनात आहे. मी ऑफिसात रजा टाकली, केस धुतले. बंदुकीच्या दुकानात जायला केस धुणारी बाई त्या गावाने पहिल्यांदाच पाहिली असेल.

दुकान म्हणजे घराच्या तळमजल्यावरची कार्यशाळा. तेलाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास. ब्युक्सनमाखर साठीचा, हिरवा एप्रन, बोटं लांब आणि स्वच्छ. त्याने माझा तक्ता पाहिला आणि न हसता म्हणाला की असा कागद आजवर कोणी आणला नाही. पीळ कितीचा ते मी सांगितलं, त्याने मान डोलावली. पोलाद ठरलं. जाडी ठरली. मग त्याने रायफल खांद्याला लावून पाहिली, खाली ठेवली, आधी सासऱ्यांकडे आणि मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “आता लांबी. पण त्याआधी मला एक सांगा, ही कोणासाठी बनवायची आहे? तुमच्यासाठी असेल तर साठ ठेवू आणि दस्त्याला हात लावायचा नाही. यांच्यासाठी असेल तर बावन्न घेऊ आणि दस्ता तीन सेंटिमीटर कापू. कापलेलं लाकूड मात्र परत जोडता येत नाही.”

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे फिकट निळे होते, आणि ते रोखून बघायचे. म्हणाले, “तू सांग. तुझ्या मापाने करू का?”

आजही तो क्षण मी पुन्हापुन्हा उघडून बघते. मला हवं होतं ते ताटात वाढून समोर ठेवलं होतं. विचारणारा माणूस तो, ज्याने आठ वर्षांत मला घ्यायला काही दिलं असेल तर साल काढलेलं सफरचंद. आणि माझ्या तोंडातून काय निघावं? “छे छे, नाही, नको. तुमची रायफल आहे, तुम्हाला हवी तशीच घ्या.”

“नक्की?” ब्युक्सनमाखर म्हणाला.

“नक्की. खरंच नको. माझं काय, माझं चालतं.”

मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. वाटीतली बासुंदी असो नाहीतर पाचवारी साडी, पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरट. नको म्हटल्यावर समोरच्याने म्हणायचं असतं, अगं घे गं, लाजतेस काय. मग आपण म्हणायचं असतं, नको हो, कशाला उगाच. मग त्याने रागवायचं असतं. मग कुठे आपण हात पुढे करायचा, तोसुद्धा नाइलाज असल्यासारखा. तो सगळा आग्रह ऐकायला मी कान टवकारून उभी होते. मनात पुढचं वाक्यही तयार होतं. बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर. जर्मनमध्ये कसं म्हणायचं तेही जुळवून ठेवलं होतं.

सासरे एक क्षण माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “गूट, ठीक. साठ.”

ब्युक्सनमाखरने साठ लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेला.

घरी येताना गाडीत मी स्वतःची समजूत घातली. नळी साठची झाली म्हणून काय झालं? वय झालंय, आत्ता त्यांच्या मापाची असू दे. पुढे मला देतील तेव्हा बघू. मी साठची उचलायला शिकेन. हे म्हणताना मला जराही शंका नव्हती. ज्या माणसाने दुकानात सगळ्यांसमोर विचारलं, त्याच्या मनात काय आहे ते कळायला हातच्या कांकणाला आरसा कशाला?

नळी बसवून, सरकारी कचेरीत चाचणीचे जादा दाबाचे बार उडवून, शिक्का मारून, त्यांच्या परवान्यात नोंद होऊन रायफल परत यायला वसंत उजाडला. रेंजवर पहिल्या गोळ्या त्यांनी मला घालायला लावल्या. दस्ता मला लांब पडत होता. मान ताणून दुर्बिणीत बघावं लागत होतं आणि नळीचं टोक जड होऊन खाली ओढत होतं. तरी तिसऱ्या कंपनीच्या गोळ्यांवर ती नळी जी काही बसली! तीन भोकं एकमेकांत मिसळून एकच तीनपाकळी भोक झालं. सासऱ्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला. नंतर त्यांच्या स्वयंपाकघरात तो भिंतीला लावलेला दिसला. मी निवडलेला पीळ, मी निवडलेलं पोलाद, मी घातलेल्या गोळ्या. त्या वर्षी मी खूप सुखात होते, आणि त्या सुखाची आता मला लाज वाटते.

दीड वर्षाने त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला. घरामागच्या बागेत टेबलं, बटाट्याचं सॅलड, बिअर, तीसएक माणसं. केक कापल्यावर सासरे आत गेले आणि रायफलची पेटी घेऊन बाहेर आले. मी हातातली बशी खाली ठेवली. खरोखर ठेवली, दोन्ही हात रिकामे असावेत म्हणून.

त्यांनी पेटी त्यांच्या पुतण्याला दिली. पुतण्या तिशीतला, सहा फूट तीन इंच, स्वभावाने बरा, सुताराचं काम करणारा. वर्षभरापूर्वीच याग्टशाइन काढलेला. सासरे म्हणाले की आता त्यांचे डोळे साथ देत नाहीत, आणि शिकारीचं हत्यार पेटीत गंजायला नसतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुतण्याने पेटी उघडून रायफल खांद्याला लावली आणि ती त्याला अशी बसली की जणू त्याच्या मापाने घेतली होती. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी आत जाऊन तीस माणसांच्या बश्या हाताने घासल्या, डिशवॉशर शेजारी असताना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते त्या दिवशी समजलं.

मी पाच महिने तिकडे फिरकले नाही. ऑफिसात काम आहे, सर्दी आहे, बर्फ आहे. नवरा एकटा जाऊन यायचा. आईला फोनवर एकदा सगळं सांगितलं तर तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “भीड भिकेची बहीण. तुला कितीदा सांगितलं.” तिने मला हे कधीच सांगितलं नव्हतं. तिने मला उलटं सांगितलं होतं. कोणाकडे गेलं की पहिल्यांदा नाही म्हणायचं, हातात देईपर्यंत घ्यायचं नाही, हे मला चिमटे काढून शिकवणारी तीच. मी फोनवर तिच्यावर इतकी चिडले की तीही रडली आणि मीही.

फेब्रुवारीत सासरे घसरून पडले, मनगट मोडलं. मग मात्र जावंच लागलं. नवरा औषधं आणायला गेला होता. मी त्यांच्यासाठी सूप गरम केलं आणि समोर बसले. ते डाव्या हाताने, सांडत सांडत पिऊ लागले. भिंतीवर तो तीन भोकांचा कागद तसाच होता.

“मला ती रायफल हवी होती,” मी म्हटलं. माझा आवाज नको तेवढा मोठा निघाला.

त्यांनी चमचा थांबवला. “कुठली?”

“तुमची. पुतण्याला दिलीत ती.”

“पण मी तुला विचारलं होतं,” ते म्हणाले. “दुकानात. तुझ्या मापाने करू का म्हणून.”

“हो.”

“तू नाही म्हणालीस. त्याने पुन्हा विचारलं. तू पुन्हा नाही म्हणालीस.”

“आमच्यात पहिल्यांदा नाहीच म्हणतात. तुम्ही पुन्हा का नाही विचारलंत?”

त्यांनी चमचा वाटीत ठेवला. मग सावकाश बोलले. त्यांना इतकं सलग बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. “गावातली माणसं तुझ्याशी कशी बोलतात ते मी बघतो. मोठ्याने, एकेक शब्द तोडून, तुला समजत नसल्यासारखं. तू हो म्हणालीस तरी पुन्हा विचारतात. मला त्याचा संताप येतो. मी ठरवलं होतं की मी असं करणार नाही. इंजिनिअर बाई आहे, तिला काय हवं ते तिला कळतं. तू नाही म्हणालीस, म्हणजे नाही, असं मी धरलं.” त्यांनी मोडलेल्या हाताकडे पाहिलं. “मी तुला दुकानात नेलं ते त्यासाठीच. तुला द्यायची होती. घरी येऊन वाटलं, हिला आमच्या घरातलं काही नको आहे.”

मला काय वाटलं ते लिहायचा मी खूपदा प्रयत्न केला आहे. राग आला, पण तो ठेवायला जागा सापडेना. ज्याच्यावर इतके महिने दात खाल्ले, त्याने माझ्याइतका मान दुसऱ्या कोणालाच दिला नव्हता. आणि मी त्याला काय कळवून आले होते? तुमच्या घरातलं मला काही नको.

“हवं होतं,” मी म्हटलं. “सगळ्यात जास्त तेच हवं होतं.”

“जा,” ते म्हणाले. जर्मनमध्ये जा म्हणजे हो. “पण आता ती त्याच्या नावावर आहे. दिलेली वस्तू मी परत मागू शकत नाही.”

मी सूपची वाटी उचलली आणि सिंकमध्ये ठेवली. नवरा औषधं घेऊन आला तेव्हा आम्ही दोघं हवामानावर बोलत होतो.

त्याच उन्हाळ्यात सासरे गेले. झोपेत, कोणाला त्रास न देता. दिवसकार्य असं तिकडे काही नसतं. दफन झालं, कॉफी झाली, घर रिकामं करायला माणसं लावली. नवऱ्याने विचारलं, तुला काही ठेवायचं आहे का. मी म्हटलं हो, आणि लगेच वरच्या वर तीन गोष्टी सांगितल्या. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं.

सप्टेंबरात पुतण्याचा फोन आला. नळी नीट चालत नाही म्हणाला, गोळ्या पसरतायत, काकांनी एकदा सांगितलं होतं की याचं गणित तुला माहीत आहे. मी विचारलं कुठल्या गोळ्या घालतोस. त्याने सांगितलं. त्या त्या नळीला कधीच चालल्या नसत्या, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मनात आलं, राहू दे तसंच, घालू दे वर्षभर वेड्यावाकड्या. पण जखमी होऊन झाडीत जाऊन मरणाऱ्या जनावराचा यात काय दोष? मी त्याला कंपनी सांगितली, वजन सांगितलं, नळी किती गोळ्यांनंतर आणि कशी साफ करायची तेही सांगितलं. त्याने सगळं लिहून घेतलं. फार बरं झालं म्हणाला. मग फोन ठेवता ठेवता म्हणाला, “कधीतरी रेंजवर ये ना, तूही घाल दोनचार गोळ्या तिच्यातून.”

“हो,” मी म्हटलं. एक क्षणही न थांबता. “येते. कधी?”

पलीकडे तो जरासा अडखळला. “बघू या,” म्हणाला, “कळवतो.” त्याने कधी कळवलं नाही.